‘एक महिना थांबून बघायला काय हरकत आहे?’

मावशीचा बायॉप्सीचा रिपोर्ट येऊन आठवडा झाला. स्तनाचा कॅन्सर, पण लवकर सापडलेला. ऑपरेशनची तारीखही मिळालीय. आणि काल तिने फोन माझ्या हातात दिला. “अगं, हे वाच. एक महिना थांबून बघायला काय हरकत आहे?”

मेसेजचं म्हणणं असं: शरीर ‘अल्कलाइन’ (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) केलं की कॅन्सर मरतो, या शोधाला नोबेल मिळालंय, नैसर्गिक औषधाला साइड इफेक्ट नसतात, केमो म्हणजे विषारी रसायनं, म्हणून आधी हे करा, फरक नाही पडला तर आणखी तीन महिने करा.

नोबेलचं आधी उरकते. असल्या दाव्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं त्या ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांना ते १९३१ साली मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, शरीर अल्कलाइन करण्यासाठी नाही. आणि काहीही खा-प्या, रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलाइनपणाचं माप) ७.३५ ते ७.४५ च्या आतच राहील हे फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बघतात. बदलला तर लघवीचा बदलेल.

खरा संताप आला तो ‘आधी हे करा’वर. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं. कॅन्सर शरीरभर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ जण एकीकडे, नेहमीचे उपचार घेणारे ५६० जण दुसरीकडे. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर साडेपाच पटींहून जास्त. पाच वर्षांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्या शंभरातल्या साधारण ८७ बायका हयात होत्या, फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या ५८. आणि हे उपचार नाकारणारे अडाणी नव्हते बरं का. उलट जास्त शिकलेले, जास्त कमावणारे होते. हा अभ्यास महिनाभराच्या उशिराचा नाही, कबूल. पण मेसेज तरी महिन्यावर कुठे थांबतोय?

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हेही थोतांडच. सेंट जॉन्स वर्ट ही साधी वनस्पती, पण तिच्यामुळे यकृतातले एन्झाइम असे चेकाळतात की इरिनोटेकॅनसारख्या केमोच्या औषधाचा जोर घटतो. हे वाचून दाखवलं तर मावशी हळूच म्हणाली, “मी पण कसल्याशा वनस्पतीच्या गोळ्या घेतेय गं, दोन महिने. डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नाही.” कुठली वनस्पती, ते बाटलीवर धड लिहिलेलंही नाही!

एक मात्र मान्य करावं लागेल. झाडापाल्यात औषध असतं. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आलं, यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल. पण ही दोन्ही केमोचीच औषधं आहेत, मेसेज ज्यांना विष म्हणतो ती! योगासनांनी उपचारांदरम्यानचा थकवा कमी होतो, हेही खरं. उपचारांच्या जोडीने केली तर.

“मग योगासनं चालतील ना?” मावशीने विचारलं. चालतील, डॉक्टरांना विचारून. गोळ्यांची बाटली मी रिपोर्टच्या फाइलबरोबर पिशवीत टाकलीय. सोमवारी ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, असं ठरलंय.