प्रोजेक्टर समोर दिसत असूनही: टोनी आवर्सलर यांच्या बाहुल्यांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमचे आक्षेप तीन. अमेरिकन कलाकार टोनी आवर्सलर यांच्या बोलक्या बाहुल्या म्हणजे नुसती प्रोजेक्टरची करामत. दगडाला डोळे लावून त्यात जीव पाहणं आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय, मग यात नवं काय? आणि वस्तूंना चेहरे देऊन माणसांना भुलवणं हा तर आता कंपन्यांचा धंदा आहे.

करामत लपवलेली असते. आवर्सलर काहीच लपवत नाहीत. 1990च्या दशकातली त्यांची कामं पाहा: कपड्यांचं लुळं धड, वर पांढऱ्या कापडाचं डोकं, त्यावर पडलेला बोलता चेहरा, आणि समोरच उघड्यावर ठेवलेला छोटा प्रोजेक्टर. 1994च्या एका कामात गादीखाली दबलेली बाहुली जवळ येणाऱ्यावर खेकसते. यंत्र समोर दिसत असतं, तरी पाऊल थबकतं. त्यांचे आजोबा, लेखक फुल्टन आवर्सलर, हे जादूगार हूडिनीचे स्नेही. मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांची लबाडी उघड करण्यात दोघांनाही रस होता. नातवाने लबाडी आधीच उघडी करून ठेवली आणि पुढचं विचारलं: सगळं कळल्यावरही तुम्हाला काहीतरी का वाटतं?

आता दगडाचं. तांदळ्याला चांदीचे डोळे बसवतात, हे खरंच. पण त्या डोळ्यांशी आपलं नातं असतं. रोजची पूजा, नैवेद्य, बोललेला नवस, तो फेडायची धास्ती. आवर्सलर यांच्या बाहुलीचं कुणीच नाही. ती विनवते, शिव्या देते, रडते, आणि आपण जरा वेळ पाहून पुढच्या दालनात जातो. आपली माया किती पटकन जागी होते आणि किती पटकन आटते, हे ती तिथल्या तिथे दाखवून देते. हे काम देवळातला दगड करत नाही, त्याने करावं अशी अपेक्षाही नाही.

शिवाय खंडेनवमीला आपण कोयत्याला, पान्याला, शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतो. त्यांना कुठे डोळे असतात? 1944 साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर नुसते हलवले, तर पाहणाऱ्यांनी त्यात भांडणं, पाठलाग, भीती पाहिली. वस्तूत जीव मानायला चेहरा लागत नाही. प्रदर्शन-संयोजक अन्सेल्म फ्रांके यांचं 'ॲनिमिझम' (म्हणजे वस्तूंतही जीव मानणं) हे प्रदर्शन 2010मध्ये अँटवर्पला सुरू झालं आणि 2012मध्ये बर्लिनला गेलं. त्याचा रोखही इकडेच होता: सजीव-निर्जीव ही सीमा कुणी आखली, आणि ती वेगळ्या जागी आखणाऱ्यांना मागास कुणी ठरवलं? म्हणून 'आपल्याकडे हे आहेच' म्हणत विषय मिटवू नका, एवढा माझा आग्रह. खंडेनवमीबद्दल नीट बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त मला सापडलेलं नाही.

कंपन्यांबद्दल मी तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. हॉटेलात ताटं आणणारं यंत्र डोळे मिचकावतं, ते आपण त्याच्यावर चिडू नये म्हणून. आवर्सलर यांचे चेहरे मात्र आपल्याला खूश ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत. 2000 साली 'द इन्फ्लुअन्स मशीन'मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये झाडांवर आणि धुरावर बोलते चेहरे पाडले. पानं हलली की चेहरा तुटतो, धूर पांगला की विरून जातो. अशा चेहऱ्याने कुणी काय विकावं?

या कामाच्या चित्रफिती पाहता येतात. त्या पाहून मग लिहा, विशेषतः धुरावरच्या चेहऱ्यांबद्दल. तिथेही तुम्हाला नुसती करामतच दिसली, तर ती कुठे दिसली हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.