आजार प्रशिक्षकांना सांगावाच : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मधुमेह, रक्तदाब यांसारखा कायमचा आजार असणाऱ्यांनी सामूहिक व्यायामवर्गात काय जपावे, या माझ्या लेखावर आपण मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी लोकांना विनाकारण घाबरवते, आजार सांगितला की माणसाकडे पाहण्याची नजर बदलते आणि ज्याला वर्गाच्या वेगाने झेपत नाही त्याने इतरांचा खोळंबा न करता घरीच व्यायाम करावा, असे आपले म्हणणे आहे. आपले वडील इथल्या, सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये दिवसभर उभ्याने राबले, तरी त्यांना कधी कोणी शुगर तपासायला सांगितले नाही, हेही आपण लिहिले आहे.

‘घरीच करा’ हा सल्ला मला सर्वांत अधिक खटकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवलेला आहे, आणि तो वर्षानुवर्षे टिकवायचा तर सोबत लागते. पूर्व भागातल्या ज्या एका खोलीच्या घरात विड्यांचे काम मांडलेले असते, तिथे गृहिणीने व्यायाम करायचा तरी कुठे? शिवाय बंद दाराआड एकटीची साखर उतरली, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आता घाबरवण्याविषयी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून वर्ग पहाटेच भरतात आणि बहुतेक जण नुसत्या चहावर किंवा उपाशीपोटीच येतात. त्यात एकादशी आली की आदल्या रात्रीनंतर पोटात काहीच नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हे महागात पडू शकते. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याच वेळी व्यायामाने स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारच कमी असतो. म्हणजे एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन ‘शुगरवाल्यां’ची गोष्ट वेगवेगळी असते आणि कोणाची कोणती, हे प्रशिक्षकांना सांगितल्याखेरीज कळत नाही.

आमच्या वर्गातला एक प्रसंग सांगते. एक भगिनी अचानक पावले चुकवू लागल्या, टाळी भलत्याच ठेक्यावर पडू लागली आणि कोणी विचारले तर त्या चिडून बोलू लागल्या. अंग घामाने निथळत होते. दमल्या असतील असे समजून त्यांना पंख्याखाली बसवून पाणी देण्यात आले. व्यायामाचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम दिसायला सारखाच असतो, आणि साध्या पाण्याने साखर चढत नाही. शेजारच्या बाईंना त्यांचा आजार माहीत होता, म्हणून त्यांनी पर्समधली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी त्या भगिनी नीट बोलू लागल्या. त्या दिवशी उपयोगी पडली ती शेजारणीला असलेली माहिती.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काहीतरी खावे. अशी औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाआधीच 90 च्या खाली असेल, तर खाऊनच सुरुवात करावी. साखर कित्येक तासांनी, अगदी त्या रात्री झोपेतही उतरू शकते, हे घरच्यांना ठाऊक असावे.

रक्तदाबाचेही तसेच आहे. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी औषधामुळेच फारशी वाढत नाही, त्यामुळे वयावरून काढलेला नाडीचा तक्ता त्याला लागू पडत नाही. तो आकडा गाठण्यासाठी त्याला पळवणे हा अन्याय आहे. त्याने व्यायाम करता करता पूर्ण वाक्य बोलता येते का, एवढे पाहावे. श्वास रोखून जोर लावणे रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने टाळावे, आणि मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा बिघडलेल्यांनी डोके खाली करण्याची आसने नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी गच्चीवरच्या वर्गात अनवाणी उभे राहू नये. फोड आलेला कळतसुद्धा नाही.

नजर बदलण्याची आपली चिंता मात्र मला पूर्ण मान्य आहे. आजार माइकवरून जाहीर करावा, असे मी कधीच म्हणणार नाही. प्रवेशाच्या वेळी एक छोटा अर्ज भरून घ्यावा, तो प्रशिक्षकांजवळच राहावा आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला आपण स्वतः सांगावे, इतकेच. खोळंब्याचे म्हणाल, तर ‘ज्यांना उडी नको त्यांनी पाय बाजूला टाकावा’ हे एक वाक्य बोलायला प्रशिक्षकांना कितीसा वेळ लागतो? त्यासाठी कोणालाही थांबावे लागत नाही.

आपल्या वडिलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्यांची शुगर कोणी तपासली नाही, यावरून ती नव्हती असे म्हणता येत नाही. दिवसभराच्या सवयीचे काम आणि पाऊण तासात एकदम वाढवलेला श्रम यांतही फरक आहे.

आपण विजापूर रोडवरच्या वर्गाच्या व्यवस्थेत मदत करता, असे आपण लिहिले आहे. तिथे साखरेचा डबा आणि दोन खुर्च्या ठेवाव्यात, ही विनंती. अर्जाचा मजकूर हवा असल्यास मी पाठवीन. त्यातला औषधांच्या नावांचा रकाना मात्र घरी नेऊन, गोळ्यांचे पाकीट समोर ठेवून भरायला सांगावा, कारण बहुतेकांना गोळीचा रंग आठवतो, नाव आठवत नाही.