या आठवड्यात योग बरे आहेत

लग्नात भर मांडवात मी बायकोचं नाव उखाण्यात घेतलं होतं, पण आमच्या टाइट एंडचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या एका खेळाडूचं, नाव काही मी घेणार नाही. त्या बिचाऱ्यानं माझं काहीच वाकडं केलेलं नाही. मी या पृथ्वीवर आहे हेही त्याला ठाऊक नाही. दर रविवारी दुपारी एक वाजता माझा रक्तदाब कशानं चढतो, हे त्याला कुणी सांगितलं तर तो बहुधा मनापासून सॉरी म्हणेल. तसा सज्जन वाटतो.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ऑफिसात आमची बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे खरे खेळाडू खरे सामने खेळतात आणि आपण सोफ्यावर बसून त्यातल्या काहींना ‘आपले’ म्हणायचं. आपल्या माणसानं झेल घेतला की 1 गुण, दहा यार्ड मिळवले की 1, टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की 6. हा उद्योग 1962 साली सुचला तो ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख यांना, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात. पुढच्या वर्षी त्यांनी घराच्या तळघरात दोस्त जमवून पहिला ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडूंची वाटणी, केला. तेव्हा ॲप नव्हतं, त्यामुळे माणूस निदान चोवीस तास त्यात अडकत नसावा.

आमचा ड्राफ्ट नेमका गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी आला. आपली पाळी आली की नव्वद सेकंदांत खेळाडू निवडायचा. चार फेऱ्या मी मोदकांच्या वाफेत उभा राहून उरकल्या. पाचव्या फेरीला आरती सुरू झाली. हातात टाळ, खिशात फोन. लवकर आटपेल म्हणून मी उभा राहिलो, पण शेजारच्या काकांना त्या दिवशी एकामागून एक आरत्या आठवत होत्या. कापूर विझून फोन बाहेर काढेपर्यंत वेळ संपला होता आणि ॲपनं परस्पर एक टाइट एंड माझ्या पदरात टाकला होता. बाप्पाचा प्रसाद म्हणून मी तो ठेवून घेतला.

टाइट एंड ही जागाच चमत्कारिक. रांगेच्या टोकाला, धिप्पाड टॅकलला चिकटून उभं राहायचं. कधी समोरच्याला ढकलून आपल्या माणसाला वाट करून द्यायची, तर कधी स्वतः धावत सुटून पास झेलायचा. म्हणजे घरच्या कार्यातला वाढपी. पंगतभर वाढत फिरायचं आणि कुणाला आठवण झाली तर शेवटी पान मिळायचं. त्यात फँटसीत गुण मोजतात ते फक्त जेवणाचे, वाढण्याचे नाहीत.

भरवशाचे टाइट एंड मोजकेच. ट्रॅव्हिस केल्सीनं 2016 ते 2022 असे सलग सात हंगाम हजारावर यार्ड काढले. 2020 मध्ये तर 1,416. त्या काळात ज्याच्याकडे केल्सी असायचा, तो लीगमध्ये सरकारी नोकरीवाल्या जावयासारखा वावरायचा. बाकीच्यांच्या दुकानावर पाटी एकच, आज रोख उद्या उधार.

आमच्या प्रसादानं पहिल्या आठवड्यात सात झेल, 79 यार्ड आणि एक टचडाउन केलं. 20.9 गुण! मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी राहिलो. दुसऱ्या आठवड्यात 1.4. म्हणून तिसऱ्या आठवड्यात त्याला माझ्या संघात बाकावर बसवला, तर पठ्ठ्यानं बाकावरून 17.8 केले. ते गुण लखलखीत दिसतात, पण धरले जात नाहीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा उतरवला. एक झेल, चार यार्ड आणि लगेच चेंडू समोरच्यांच्या हातात. फंबलचे दोन वजा, एकूण उणे 0.6. मी ती जागा रिकामी ठेवली असती तर फायद्यात राहिलो असतो. पाचव्या-सहाव्या आठवड्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

गंमत म्हणजे ॲपचा अंदाज दर आठवड्याला ठरलेला, 9.4. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी काढा, 9.9 च्या जवळ येते. म्हणजे ॲपचं गणित बरोबर. त्या नऊच्या आसपास तो आजवर एकदाही फिरकलेला नाही, एवढंच.

मग माणूस तज्ज्ञांकडे वळतो. बुधवारपासून मी त्याच्याबद्दलचं साप्ताहिक भाकीत वाचायला लागतो आणि वाचता वाचता आजोबांच्या रविवारच्या पुरवणीत शिरल्यासारखं वाटतं. ‘प्रतिस्पर्धी अनुकूल. रेड झोनमध्ये (टचडाउनच्या रेषेजवळ) संधी संभवते. मोठी झेप शक्य, मात्र अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात.’ आजोबा निदान कन्या राशीचं वाईट निघालं तर तूळ वाचायचे आणि ‘आपण संधीवर जन्मलोय’ म्हणायचे. मला तीही सोय नाही. वर शुक्रवारी त्याच्या मांडीचा स्नायू दुखावल्याची बातमी येते आणि नावापुढे ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळण्याबद्दल शंका, लागतं. ते खरं म्हणजे कायमचंच लावून ठेवायला हवं.

सातव्या आठवड्यात दिवाळी तोंडावर आली होती. सहा महिन्यांसाठी आलेली आई स्वयंपाकघरात चकल्यांना बसली होती. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि टीव्ही एकाच खोलीत, त्यामुळे सोऱ्या हातात धरून तिला सगळं दिसतं. सामन्याआधी दीड तास कोण खेळणार नाही याची यादी लागते. साडेअकरा वाजता मी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती पाहिली. आमचा खेळणार होता. उतरवू की बसवू यावर घरी येईपर्यंत माझे तीन निर्णय झाले.

“आई, याला खेळवू का गं?”

“कोण, तो 20 वाला की उणेवाला?”

“दोन्ही तोच.”

तिनं सोऱ्याचा दांडा फिरवत टीव्हीकडे पाहिलं. “अरे, मागच्या रविवारी मी बघत होते. त्याला कुणी बॉल देतच नाही. मग तो काय करणार?”

हे वाक्य सांगायला इथले तज्ज्ञ आलेख काढतात आणि त्याला टार्गेट शेअर म्हणतात. मी त्याला उतरवला. लीगमध्ये त्या आठवड्यात माझी लढत ऑफिसातल्या मॅनेजरशी होती आणि नेमका आमच्या टाइट एंडच्याच संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, त्याच्याकडे होता.

पहिल्या अर्ध्यात दोन झेल, अकरा यार्ड. 3.1 गुण. नंतर चेंडू त्याच्या वाटेलाही गेला नाही. मी मनातल्या मनात त्या पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, डावीकडे बघ रे बाबा, डावीकडे, म्हणत होतो. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा माझी आघाडी 3.2 ची होती. टीव्हीवर चेंडू तेवीस यार्डांच्या रेषेवर, कढईत चकल्यांचा घाणा.

चेंडू रनिंग बॅककडे गेला. वाटेत समोरच्या संघाचा एक आडदांड लाइनबॅकर त्याला अडवायला उभा होता. तेवढ्यात आमचा माणूस रांगेच्या टोकावरून सुटला, खाली वाकून खांदा लावला आणि त्या लाइनबॅकरला उचलून असा उताणा पाडला, की मागे सरळ गाडीवाट तयार झाली. तिच्यावरून रनिंग बॅक चालत गेल्यासारखा टचडाउनला पोचला.

“बघ!” आई झारा घेऊन उठलीच. “केवढा लोळवला त्याला! मी म्हणत होते ना!”

तेवीस यार्डांचे 2.3, टचडाउनचे 6. मॅनेजरला 8.3 गुण. माझ्या टाइट एंडला, हंगामातल्या सर्वांत देखण्या कामगिरीबद्दल, शून्य. मी 5.1 नं हरलो. मॅनेजरचा मेसेज आला, ‘तुझ्या माणसाला माझ्यातर्फे थँक्स सांग.’

“चकल्या!” बायको ओरडली. तो घाणा काळपट निघाला. ‘कुरकुरीत झाल्यात’ म्हणत तो मीच संपवला.

मंगळवारी रात्री मी ॲप उघडलं. त्याच्या नावासमोर लाल वजाबाकी. दाबली की तो लीगमध्ये मोकळा, ज्याला हवा त्यानं घ्यावा. बोट तिथवर नेलं, तर आई मागून डोकावली.

“आपला तो का? पुढच्या रविवारी कुणाशी आहे त्याचं?”

“कुणाशीच नाही. त्यांच्या संघाला सुट्टी आहे.”

म्हणजे शून्य. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचं भविष्य मी छातीठोकपणे सांगू शकत होतो.

“बरं झालं,” आई म्हणाली. “दमला असेल रे.”

मी बोट मागे घेतलं आणि त्याला बाकावर नेऊन ठेवला.