पानं जाळणाऱ्या मावशींवर ओरडण्याआधी

फेब्रुवारीत सकाळी सातच्या सुमारास पुण्यातल्या सहकारनगरच्या आतल्या रस्त्यांवरून एक चक्कर मारा. बदामाची लाल पानं, पर्जन्यवृक्षाची बारीक पिवळी पत्ती, कडुनिंबाचा सडा आणि दर दोन-तीन कोपऱ्यांआड एक धुमसता ढीग. गारठ्यात धूर वर जात नाही, जमिनीलगतच रेंगाळतो. तळमजल्यावरच्या आज्या खिडक्या लावून घेतात आणि तळजाई टेकडीवरून फिरून येणारी मंडळी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. खाली ठरलेली कॉमेंट: "या बायकांना कोणी सांगणार आहे का?"

इथे माझं डोकं फिरतं. अहो, महापालिकेचा रस्ता झाडणाऱ्या मावशींनी ती पानं न्यायची कुठे? आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या चौकीवर, हजेरी लावायची, वाट्याचा रस्ता वेळेत झाडायचा, मुकादम येईल तेव्हा तो स्वच्छ दिसला पाहिजे. पानांना वजन नसतं, पण जागा भरपूर लागते. ढकलगाडी दहा पावलांत भरते. घंटागाडीत ओला-सुका कचरा कसाबसा मावतो, तिथे पानांची पोती कोण घेणार? मग काडी ओढली जाते. धूर वाईटच आहे, दम्याच्या माणसाला विचारा. पण पानांसाठी जागाच ठेवलेली नसेल, तर दोष फक्त काडी ओढणाऱ्या हाताचा कसा?

शिवाय त्यातली बरीच पानं रस्त्यावरच्या झाडांची नसतातच. सोसायटीचा माळी आवार झाडतो आणि ढीग फाटकाबाहेर लोटतो. फाटक ओलांडलं की पानं महापालिकेची!

2016 च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं की बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि जाळायचा नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड सांगितला. दंडाचा मेसेज ग्रुपवर दर हिवाळ्यात फिरतो. आवारात साठवायचा नियम मात्र आजवर एकानेही फॉरवर्ड केलेला नाही.

साठवणं अवघडही नाही. चार बांबू, भोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, झाला पिंजरा. पानं दाबून भरायची, अधूनमधून शेणपाणी किंवा आंबट ताक-गुळाचं पाणी शिंपडायचं, ओल टिकवायची. कोरडी ठेवली तर वर्षभर तशीच राहतील. ढीग भराभर खाली बसतो आणि पावसाळ्यानंतर तळाशी काळं, मऊ खत मिळतं. (साप येतील, हा आक्षेप प्रत्येक सोसायटीत एक काका घेतातच. कचऱ्याच्या ढिगाशेजारी गाडी लावताना त्यांना साप आठवत नाहीत.) आणि ज्यांना खत करायचंच नाही, त्यांची पानं न्यायला गच्चीवर बाग करणारे तयार असतात. पुण्यातच सुरू झालेली 'ब्राऊन लीफ' ही चळवळ अशी गाठ घालून देते.

आता नगरसेवकांकडे येतो. महापालिकेवर मार्च 2022 पासून प्रशासक होते, 15 जानेवारी 2026 ला एकदाचं मतदान झालं. चार वर्षांनी हक्काने भांडायला माणूस मिळालाय, तर आपण मागतोय काय? बाकडी! 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून, आणखी बाकडी, आणखी नामफलक, आणखी ओपन जिम. ज्या बाकड्यावर बसायला जागा कमी आणि नावाला जास्त, ते आणखी एक कशाला?

त्याऐवजी डिसेंबर ते मार्च पानांसाठी वेगळी गाडी मागा. मावशींना पोती द्यायला सांगा. प्रत्येक उद्यानात आसपासच्या रस्त्यांची पानं घेणारा खड्डा मागा. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात जवळजवळ वीस वर्षं आहे, पण तिची मुदत पानगळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी संपते. भर पावसाळ्यात वाळक्या पानांची आठवण कुणाला येणार? म्हणून अर्जात पुन्हा पेव्हर ब्लॉकच. नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतंय, तेव्हा बोलायचं तर आत्ताच.

आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांचं मिळून एक निवेदन तयार आहे, या आठवड्यात नगरसेवकांना देतोय. सह्या हव्या आहेत. कुणाकडे जुनी जाळी पडून असेल तर तीही हवी आहे. आणि ग्रुपवर धुराचे फोटो टाकणाऱ्यांनी कृपया आधी सही करावी, फोटो निवेदनाला जोडू.