घर विकणे आहे, बंगई (झोपाळा) सोडून

दोन संसार एका छताखाली आले की दुसरं घर आपोआप रिकामं होतं, असं ज्याला वाटतं त्यानं अजून माळ्यावर चढून पाहिलेलं नाही. तिथं दोन पाटे, दोन जाती, बुडाला भोक पडलेला पाण्याचा गुंड आणि कोणाच्या तरी लग्नातल्या आहेराचे डबे असतात. यातलं काहीही टाकायला काढा, घरातली एक तरी बाई म्हणते, "राहू द्या, कामी पडते." दोन चुली एक झाल्या की दुसरं गॅस कनेक्शन मात्र परत करावं लागतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर सापडतात. डिपॉझिटची पावती शोधायला पुन्हा माळ्यावर चढावं लागतं.

रिकामं घर विकायचं म्हणून डागडुजीला काढलं, की कोणीतरी उत्साही पुतण्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचवतोच. त्याला चहा पाजून परत पाठवावं. माती ओल घेते नि सोडते. सिमेंट ती आतच कोंडतं, मग अख्खा पोपडा सुटतो, आणि सुटतो तो गिऱ्हाईक ओट्यावर असतानाच. त्यापेक्षा चुना बरा. कळीचा चुना लोखंडी टाकीत रात्रभर भिजवायचा (पाणी खदखदतं, प्लॅस्टिकची बादली वितळेल), फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालून पातळ दोन हात मारायचे. आपल्या काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात भेगाळतात नि पावसात भेगा मिटतात. मे महिन्यात भेग सिमेंटनं ठासली, की पावसाळ्यात भिंत शेजारी नवी काढून देते. पांढरी माती आणि कुटार (भुसा) कालवून मुरू द्यायचं, मग भरायचं. उदईला (वाळवीला) क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं द्रावण: 1 लिटर औषधाला 19 लिटर पाणी. भिंत जमिनीला मिळते तिथं फुटाफुटावर भोकं पाडून आत सोडायचं. कणगी आणि विहिरीपासून मात्र लांब.

कागदांचा पसारा याहून जुना. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबा अजून हयात असतात. चतुःसीमेतले शेजारी तर त्यांच्याही आधी गेलेले. शिवाय हा उतारा म्हणजे घरटॅक्सची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक आधी काढून नाव आणि क्षेत्र तपासा. वारस नोंदीत बहिणी आल्याच पाहिजेत; हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच केला. "तिला काही नको, ती म्हणालीच होती" हे दुय्यम निबंधकांपुढं चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

एवढं करून गिऱ्हाईक येतं. चुन्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मान वर करून आढं पाहतं, बोटाच्या पेरानं मयाल (तुळई) ठोकतं आणि म्हणतं, "भाऊ, भित तं पाडाचीच हाय. सागवान किती निंगन?"

माझ्या मते घर दाखवण्याआधीच सागवानाची वेगळी किंमत काढून ठेवावी. इसारचिठ्ठीत मयाल, चौकटी, कवेलू, मोटरपंप, सगळं कोणाकडे जाणार ते एकेक करून लिहावं. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वनखात्याला आधी विचारावं. आणि बंगई मिळाल्याशिवाय सही न करणाऱ्या आत्याबाईंचं नाव चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत घालावं, बंगईच्या चारही कड्यांसकट.