लेकरं बर्फाच्या गावात असतील, तर फोनवर नेमके काय विचारावे?

गेल्या पंधरवड्यात परभणीतल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. मुलाचा किंवा मुलीचा अमेरिकेतला पहिलाच हिवाळा आहे, तुम्ही बफेलोला राहून आला आहात, तर सोबत काय पाठवावे? लोकरीचे कपडे तिथे इथल्यापेक्षा चांगले मिळतात, एवढेच मी तेव्हा सांगू शकलो. जे सांगायला हवे होते ते चहाच्या वेळेत मावणारे नव्हते, म्हणून इथे लिहितो.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे लेकीकडे बफेलोत, म्हणजे ईरी सरोवराच्या काठच्या शहरात, होतो. २३ तारखेला सकाळी हिमवादळ सुरू झाले आणि सुमारे ३७ तास त्याचा जोर ओसरला नाही. रस्त्यापलीकडचे घर दिसेनासे झाले. चार-पाच दिवसांत बफेलोच्या विमानतळावर जवळपास ५२ इंच बर्फाची नोंद झाली आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. कोणी गाडीत अडकून गेले, कोणी वीज नसल्याने गारठलेल्या घरात, तर कोणी अंगणातला बर्फ उपसताना. मदतीला निघालेल्या रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही बर्फात रुतल्या होत्या. आपल्याला कोणी सोडवायला येईल, हा भरवसा तेव्हा तिथे उरला नव्हता.

आपल्याकडे शेत पांढरे झालेले आपण पाहिले ते २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत, आणि तेव्हा हातचा गहू-हरभरा गेला. त्यामुळे आभाळातून पडते तेच संकट, असे आपले मन मानते. बर्फाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. तिथे खरा घात वारा करतो. ज्यांनी खळ्यावर उपणणी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. वावडीवर उभे राहून टोपली ओतली की दाणे पायाशी पडतात, भुसकट मात्र वाऱ्यासोबत जाते आणि जिथे वाऱ्याचा जोर मंदावतो तिथे, कुडाच्या किंवा गंजीच्या आडोशाला, साचत राहते. बर्फाचेही तसेच होते. मोकळ्या मैदानात घोटाभर असलेला बर्फ घराच्या आडोशाच्या भिंतीला खिडकीपर्यंत चढतो. बफेलोत १९७७ च्या २८ जानेवारीला वादळ आले तेव्हा नवा बर्फ फारसा पडलाच नव्हता. ईरी सरोवर त्या हिवाळ्यात लवकर गोठले होते, त्याच्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून गावावर आणून टाकला आणि २९ माणसे गेली.

म्हणून माझा पहिला प्रश्न घराच्या भिंतीबद्दल असतो. तिथली बरीच घरे गॅसच्या भट्टीवर तापतात आणि तिचा धूर बाहेर सोडणारी नळी अनेक घरांत जमिनीपासून थोड्याच उंचीवर भिंतीतून बाहेर काढलेली असते. वाऱ्याने बर्फ त्याच भिंतीशी रचला की नळीचे तोंड बुजते. मग एकतर भट्टी बंद पडते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात भरू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे आपल्याकडे ज्या वायूने जातात, तो हाच. नळी कोणत्या भिंतीला आहे, तिच्याभोवतीचा बर्फ शेवटचा कधी काढला, वायूची सूचना देणाऱ्या यंत्रातली बॅटरी चालू आहे का, हे तीन प्रश्न मी लेकीला नावानिशी विचारतो. 'काळजी घे' म्हटल्याने आपल्या जिवाला बरे वाटते, तिच्या हाती काहीच लागत नाही. गाडीत अडकल्यावर इंजिन चालू ठेवायचे असेल तर मागच्या धुराड्याभोवतीचा बर्फ आधी काढावा लागतो, त्याचे कारणही हेच.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यातल्या बापमंडळींसाठी. कामाला भिऊ नकोस, अंग हलव, असे आपण मुलांना सांगत आलो. बर्फ उपसण्याच्या बाबतीत हा सल्ला मागे घ्यावा. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, पण वाऱ्याने रचलेला बर्फ दाबून घट्ट होतो. एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग तीन-चार क्विंटल सहज भरतो. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, त्यात असे वजन उचलले की हृदयावर एकदम ताण येतो. आमच्या जावयांनी दर अर्ध्या तासाला घरात येऊन विसावा घेतला, फावडे उचलण्याऐवजी बर्फ पुढे ढकलला आणि ढीग वाढण्याआधीच थोडा थोडा काढला. तेव्हा मला ते आळशीपणाचे वाटले होते. माझे चुकले होते.

बाकी गोष्टी थोडक्यात. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची बारीक धार चालू ठेवावी, म्हणजे पाइप गोठून फुटत नाहीत. पायरीवर टाकायचे साधे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, त्यापुढे कॅल्शियम क्लोराइड लागते. बाहेर उघडणारे दार बर्फाने अडते, म्हणून एक फावडे घरात ठेवावे. चार-पाच दिवसांचे औषध आणि शिधा हाताशी असावा. प्रवासबंदी जाहीर झाली की कार्यालयातून कोणाचाही फोन आला तरी गाडी बाहेर काढू नये, आणि हे आपण आई-वडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगितले तर नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला नकार देण्याचे बळ मिळते.

हा फोन डिसेंबरची वाट न पाहता करावा. सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि त्यावरून गोठवणारा वारा वाहू लागतो, तेव्हाच काठच्या गावांवर बर्फ सर्वाधिक कोसळतो. २०२२ च्याच नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत सहा फुटांहून अधिक बर्फ पडला होता. दिवाळीच्या फराळाचे पार्सल ज्या दिवशी कुरियरला द्याल, त्याच दिवशी भिंतीतल्या त्या नळीबद्दल विचारा.