समुद्राखालच्या पाइपलाइनींबद्दलही लिहायला हवं होतं

अरबी समुद्रातल्या 'मुंबई हाय' या तेलक्षेत्राच्या मालमत्तेवरचा तुमचा लेख वाचला. त्यात 'मालमत्ता' म्हणजे विहिरी आणि समुद्रात उभे केलेले प्लॅटफॉर्म एवढंच आलंय. त्यांना जोडणाऱ्या पाइपलाइनींवर एक ओळही नाही, हे मला खटकलं. विहिरीतून तेल, वायू, पाणी सगळं एकत्रच वर येतं. छोट्या, बहुतेक निर्मनुष्य विहीर-प्लॅटफॉर्मवरून ते समुद्रतळावरच्या नळांनी मोठ्या प्रक्रिया-प्लॅटफॉर्मवर जातं, तिथे वेगळं होतं आणि मग दीडशेहून अधिक किलोमीटर लांब उरणला पोचतं. उत्पादन 1976 पासून सुरू आहे. खाऱ्या पाण्यात लोखंडाला किती जपावं लागत असेल, विचार करा!

27 जुलै 2005 आठवतो का? आदल्या दिवशीच्या महापुराखाली ती बातमी अक्षरशः बुडाली. आपल्यावरच्या जखमी कामगाराला उपचारासाठी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर सोडायला आलेलं जहाज राइजरवर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या उभ्या पाइपवर आदळलं. वायू पेटला, अख्खा प्लॅटफॉर्म गेला, 22 माणसं गेली. कंपनीच्या ताळेबंदात हा पाइप घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीच्या, एका आकड्यात मिसळून जातो. म्हणून विनंती, पुढच्या भागात या नळांची तपासणी कशी होते आणि जुने कधी बदलतात, ते सविस्तर लिहा.